कुंडल रोडची वाडी

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना जन्मतारीख नसते. गावाचे वय विचारले तर म्हातारी माणसे देवळाकडे बोट दाखवतात आणि "पूर्वापार" म्हणून मोकळी होतात. आपल्या वाडीला मात्र तारीख आहे: 10 मार्च 1910. तिला वेस नव्हती, पाटीलकी नव्हती, बलुती नव्हती. होते ते कुंडल रोड नावाचे एक आडबाजूचे रेल्वे स्टेशन आणि त्याच्याजवळचा बत्तीस एकर माळ. त्या माळावर एका कुटुंबाने कारखाना उभारला, कारखान्याभोवती घरे उभी राहिली, आणि काही वर्षांनी स्टेशनच्या पाटीवरचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

किर्लोस्करांचे मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. 'संगीत शाकुंतल'कार अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्मही त्याच गावचा. तिथेच 20 जून 1869 रोजी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर जन्मले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पोथीत नव्हते. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्याला चित्रे प्यारी होती, आणि एखादी वस्तू खोलून आत काय आहे ते बघण्याची ओढ त्याहूनही मोठी. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा मात्र सोडली नाही. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. शिकवण्याचे काम झाले की ते तिथल्या यंत्रशाळेत रमत, लेथवर हात चालवून बघत. जी पांढरपेशी जात हाताला तेल लागू नये म्हणून शिकत होती, तिच्यातला एक शिक्षक तेलाने हात माखून घेत होता. वाडीची खरी सुरुवात मी तिथे मानतो.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावात रामूअण्णांच्या जोडीने 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे सायकलींचे दुकान चालत होते. 1888 हे या दुकानाचे वर्ष, आणि आजही कंपनी आपला जन्म तिथूनच मोजते. सायकल विकणे आणि सायकल चालवायला शिकवणे, असे दोन्ही उद्योग दुकानात होत. पण दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे मन भरेना. त्यांनी लहानसे वर्कशॉप थाटले आणि कडबा तोडायचे यंत्र बनवले. गिऱ्हाईक दारातच होते: शेतकरी. त्याच्या गोठ्यात कडबा होता, बैल होते, आणि शेतात लाकडी नांगर होता. 1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी त्या लाकडी नांगराला हात घातला.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या वाडीचे पोट ज्यावर भरले ती ही वस्तू. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण मातीची वडी उलटी करत नाही. कुंदा आणि हरळीसारखी तणे खोल मुळांवर तग धरतात आणि पुन्हा फुटतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि वळवलेला पंख मातीचा थर पलटून टाकतो. तणाच्या मुळ्या वर येतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळतात, आणि तापलेली ढेकळे पहिल्या पावसात विरघळून जमीन भुसभुशीत होते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ग्रँड डिटूर नावाच्या खेड्यात जॉन डिअर या लोहाराने 1837 मध्ये हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. तिथली चिकट काळी माती नांगराला धरून बसायची. त्याने गुळगुळीत पोलादाचा नांगर केला, माती सुटू लागली, आणि त्याच्यामागे मोलिन हे कारखान्याचे गाव नावारूपाला आले. लोहार, नांगर आणि नव्या वस्तीचे गाव हा क्रम जगात अनेक ठिकाणी दिसतो. आपल्याकडे फरक एवढाच की तिथली जमीन नव्याने लागवडीला येत होती, तर इथली हजारो वर्षे कसली गेलेली होती. तिच्याबद्दल प्रत्येकाचे मत ठरलेले होते.

ते मत नांगराच्या विरुद्ध होते. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. यावरून शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ज्याच्याकडे एकच जमीन आहे आणि एकच हंगाम आहे, तो प्रयोगाला घाबरणारच. लक्ष्मणरावांनीही त्याला दोष दिला नाही. फाळ लवकर झिजतो या तक्रारी ऐकून घेतल्या, ओतीव लोखंडात सुधारणा केल्या, आणि नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला. तास पडलेला डोळ्यांनी दिसला की शेतकऱ्याला दुसरे काही सांगावे लागत नाही.

नांगर चालू लागला आणि तेवढ्यात पायाखालची जमीन गेली. नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेतली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला होते. तिथल्या सभागृहाचे बांधकाम त्यांच्याकडे होते. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्येच गादीवर आले होते. हा राजा स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक, कलाकृतींचा संग्राहक. हाताने काम करणाऱ्या माणसाची त्याला पारख होती. त्यांनी लक्ष्मणरावांना दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर पडीक जमीन देऊ केली. औंध संस्थान हे सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, असे तुकडे ब्रिटिश मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले. पण कुंडलच्या तुकड्याला रेल्वे शिवून जात होती, आणि कारखान्याला त्याहून मोठे दान कोणते?

बाकी त्या माळावर काय होते? फड्या निवडुंग आणि त्याच्या आडोशाला नाग. पाणी दुर्मिळ, सावली नाही. पंचवीस कामगार आपली कुटुंबे घेऊन लक्ष्मणरावांबरोबर आले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, विहीर खणायची, छप्पर घालायचे, आणि हे करता करता नांगर ओतायचे, कारण दहा हजारांवर किती दिवस निघणार? लक्ष्मणरावांचे वय चाळीस होते. राधाबाईंनी मुलाबाळांसह इथे संसार मांडला तेव्हा थोरला शंतनू सात वर्षांचाही नव्हता.

पहिल्या माणसांची नावे वाडीने विसरू नयेत. मंगेशराव रेगे हे कारकून, हिशेबनीस आणि अडल्यावेळी काहीही करणारे. शंभोराव जांभेकर इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारे. के. के. कुलकर्णी शाळेत यशस्वी न झालेले, पण माणसांशी बोलण्यात, भांडणे मिटवण्यात आणि माल विकण्यात ज्यांचा हात धरणारा नव्हता असे. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले आणि नव्या यंत्रांच्या कल्पना कागदावर व लोखंडात उतरवणारे. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यातला कुणीही पदवीच्या बळावर आलेला नाही. बाहेरच्या जगाने ज्यांना नापास ठरवले त्यांना लक्ष्मणरावांनी कामावरून जोखले. रंग न ओळखता आल्यामुळे चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला ही दृष्टी आपोआप आली असावी.

या यादीत आणखी दोघे आहेत: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीचे रखवालदार नेमले. वाडीच्या तिजोरीची आणि झोपलेल्या कुटुंबांची राखण त्यांच्याकडे. ज्यांच्या जातींवरच चोरीचा शिक्का मारला जात होता, त्यांच्या हाती किल्ल्या देणे 1910 साली सोपे नव्हते. विश्वास ठेवला आणि तो सार्थ ठरला. मला मात्र एका गोष्टीची बोच आहे. इतरांची नावे आडनावांसह, 'राव' लावून आली. या दोघांच्या नावापुढे आडनावाच्या जागी जात आली. वाडीने अस्पृश्यता पाळायची नाही असे ठरवले आणि आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे पाऊल टाकले. पण कागदाने त्यांना तेवढे मोठे केले नाही. पुढे 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली, 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाने तो विचार देशभर नेला, आणि लोकांना त्याचे नवल वाटले. त्याच संस्थानाच्या दुसऱ्या तुकड्यात, कुंडल रोडला, ही गोष्ट तीस वर्षे आधी गाजावाजा न होता घडून गेली होती.

1914 च्या महायुद्धाने वाडीला एका हाताने तारले आणि दुसऱ्या हाताने जेरीला आणले. विलायती नांगर येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड आणि कोक मिळणेही कठीण झाले. त्या काळात वाडीने नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची कितीतरी अवजारे काढली. युद्ध संपल्यावर, 1920 मध्ये, भावांच्या धंद्याची 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी झाली.

वाडीचा माल गावोगाव नेणाऱ्यांमध्ये एक नाव आहे, ज्याचा सातारकरांना वेगळाच अभिमान असतो. भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर. त्यांनी ओगल्यांचे कंदील विकले आणि किर्लोस्करांचे नांगरही विकले. कंदील, नांगर आणि शाळा, तिन्हींसाठी त्या माणसाला खेड्यापाड्यांतून तेच रस्ते तुडवावे लागले. 1919 मध्ये काले येथे संस्थेची स्थापना झाली. नांगर विकताना शेतकऱ्याचे घर आतून पाहिलेल्या माणसाने पुढे त्या घरातली पोरे शाळेत आणली.

याच सुमारास वाडीतून दुसरे एक पीक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. 1920 मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. आधी ते कारखान्याचे वार्तापत्र होते: नांगर कसा वापरावा, कुठे कुणाला काय अनुभव आला, विक्रेत्यांसाठी काय नवे आहे. पाहता पाहता त्यात माणसांच्या गोष्टी आल्या, व्यंगचित्रे आली, विज्ञान आले, रूढींवर टीका आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातून प्रसिद्ध झाले. पुढे नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' राहिले. 1930 मध्ये 'स्त्री' निघाले, 1934 मध्ये 'मनोहर'. विचार करा: पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत वाचली जाणारी, त्या घरांतल्या वादांना तोंड फोडणारी मासिके एका कारखान्याच्या वाडीत छापली जात होती आणि कुंडलच्या माळावरून आगगाडीने महाराष्ट्रभर जात होती. एरवी शहराकडून खेड्याकडे विचार येतो असे आपण धरून चालतो. इथे उलट झाले.

'स्त्री'चे मोल मला सर्वांत जास्त वाटते. स्त्रियांचे मासिक म्हणजे पाककृती आणि विणकाम, या समजुतीच्या पलीकडे जाऊन विवाह, शिक्षण, नोकरी, वैधव्य यांवर बायकांनी स्वतः लिहावे असे ते व्यासपीठ होते. आडगावातल्या एखाद्या माहेरवाशिणीला ते पोस्टाने मिळायचे आणि तिला कळायचे की आपल्या मनातले आणखी कुणाच्या तरी मनात आहे.

शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र अभियांत्रिकी शिकून 1926 मध्ये परतले आणि थेट वाडीत कामाला लागले. त्याच वर्षी वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. नांगरानंतर वाडीने मराठी शेतीला दिलेली ही दुसरी मोठी गोष्ट. मोट ज्यांनी हाकली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पहाटे बैल जुंपायचे, धावेवरून पुढे न्यायचे, मागे आणायचे, पुन्हा पुढे. दिवसभर बैल राबले तरी विहिरीखाली भिजायचे ते चार वाफे. पंपाने पाणी सतत आले आणि नदीचे पाणी काठावर चढवता येऊ लागले. कृष्णा-येरळेच्या काठचा ऊस, पुढे उभे राहिलेले साखर कारखाने, मळ्यांची वस्ती या सगळ्यात पंपाचा वाटा आहे. पंप एकट्या वाडीनेच केले असे नाही, पण या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या तोंडी पंप म्हणजे किर्लोस्कर हे समीकरण बसले ते उगाच नाही.

पाचव्या दशकात वाडीच्या फांद्या दूर गेल्या. 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि त्याच वर्षी बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. मंडळी तिकडे गेली आणि वाडीत शिकलेले कारागीरही गेले. दुसऱ्या शहरात कारखान्याची पहिली भट्टी पेटवणारा माणूस इथला असे, यात वाडीची खरी मिळकत आहे.

याच वर्षांत वाडीच्या भोवतालचा मुलूख पेटलेला होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल हाकेच्या अंतरावर. याच रेल्वेमार्गावर शेणोलीजवळ 1943 च्या जूनमध्ये पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली. स्वातंत्र्य आले, आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. वाडीचा कारखानाही जाळण्यात आला. वाडीच्या इतिहासातला हा सर्वांत दुखरा दिवस आहे आणि त्यावर पडदा टाकायचे कारण नाही. ज्या माणसाने गुन्हेगार म्हटल्या जाणाऱ्यांच्या हाती किल्ल्या दिल्या, जातीचा विचार कामाच्या आड येऊ दिला नाही, त्याच्या आयुष्यभराच्या कष्टांना आग लागली. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण त्याच्या आजूबाजूला गाव होते. फक्त कारखाना असता तर मालकाने विम्याचे पैसे घेऊन दुसरीकडे जागा बघितली असती. इथे भट्टीवरचे हात वाडीतच राहत होते, त्यांची मुले वाडीच्या शाळेत होती.

त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 1949 मध्ये साताऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि वाडी दक्षिण साताऱ्यात आली. 1960 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली ठेवले गेले. आजची वाडी पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्यातल्या घराला शंतनुरावांनी 'लकाकि' हे नाव दिले, वडिलांच्या आद्याक्षरांवरून. घराणे पुण्याला गेले, मासिके पुण्याला गेली, पण पंपांचा कारखाना इथेच राहिला. त्याची ओतशाळा आजही तापते.

इतिहास लिहिताना किर्लोस्कर हे नाव पुन्हा पुन्हा येते, ते येणारच. पण या कुटुंबाचे मोठेपण मला वेगळ्या ठिकाणी दिसते. त्यांनी आपले आडनाव एका जागेला दिले, आणि ज्यांचे ते आडनाव नव्हते अशा हजारोंना ते आपल्या गावाचे नाव म्हणून मिळाले. रेगे, जांभेकर, कुलकर्णी, फळणीकर, तुकाराम, पिऱ्या, आणि त्यांच्यानंतरच्या तीन-चार पिढ्या. कुठलाही शेतकरी बाजारात "वाडीचा नांगर" म्हणत असे तेव्हा त्यात साचा भरणाऱ्या मोल्डरचा हातही मोजलेला असे.

वाडीतल्या आणि वाडीतून बाहेर गेलेल्या सर्वांना एक विनंती. तुमच्या आजोबांचे कारखान्यातले हजेरीचे कार्ड असेल, पहिल्या क्वार्टरपुढे काढलेला फोटो असेल, 'किर्लोस्कर खबर'चा जुना अंक माळ्यावर असेल, गोठ्याच्या कोपऱ्यात गंजलेला लोखंडी नांगर पडला असेल, तर तो भंगारात घालू नका. आणि घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, तर तिच्या सासूने या माळावर पाणी कुठून आणले, चूल कशी मांडली, साप निघाला तेव्हा काय केले, हे तिला विचारून लिहून काढा. नावानिशी लिहा, पूर्ण नावानिशी. वाडीच्या पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवली पाहिजेत.